गुजरीच्या माडीवरचे तेरा जण : २०११ च्या जनगणनेतलं एक प्रकरण

जनगणना परत आली म्हटल्यावर नवीन शिक्षकांचे फोन सुरू झालेत, बाई तुम्ही मागच्या वेळी ड्युटी केलेली, कसं असतं सांगा की. फॉर्म कसा भरायचा ते ट्रेनिंगमध्ये सांगतातच, त्याचं काही नाही. पण समोरच्या माणसाला मोजून घ्यायचंच नसेल तर काय करायचं हे तिथं कुणी सांगत नाही, ते मी फेब्रुवारी २०११ मध्ये कोल्हापूरच्या गुजरीतल्या एका माडीवर शिकले. म्हणून ते सगळं प्रकरण पहिल्यापासून लिहून काढते, माझ्या चुकांसकट, कारण चुका गाळून नुसता शेवट सांगितला तर नवीन पोरांना त्याचा काही उपयोग नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. फॉर्ममध्ये कुणी काय लिहिलं ते इथं सांगणार नाही, ते सांगायचा मला हक्कच नाही. इथं जे लिहिते ते मी डोळ्यांनी बघितलेलं किंवा त्या माणसांनी चहा पिताना, जेवताना सांगितलेलं, आणि ज्यांच्याशी अजून बोलणं आहे त्यांना विचारून लिहिते. नावं नाहीत, घर नंबर नाही, गल्ली पण सांगत नाही.

माझ्याकडचा गट

गुजरी म्हणजे कोल्हापूरकरांना सांगायला नको. अंबाबाईच्या देवळापासून दोन मिनिटांवर, एकीकडं महाद्वार रोड, दुसरीकडं भाऊसिंगजी रोड, मधे सराफांची दुकानं. खाली दुकान, आत तिजोरी, आणि त्याच्या वर किंवा मागच्या बोळात माडीवर कारखाना. हे कारखाने गिऱ्हाइकाला दिसत नाहीत. आपण साज घेतो, ठुशी घेतो, पण साजाची पानं कोण कापतं, जवमण्यात लाख कोण भरतं हे बघायला कोण माडी चढत नाही. तिथं बसलेली बरीचशी पोरं पश्चिम बंगालची, मेदिनीपूर, हुगळी, हावडा या भागातली. दासपूर-घाटाल पट्ट्यातनं तर घरटी एक जण भारतात कुठं ना कुठं सोनारकामाला गेलेला असतो असं तीच पोरं सांगतात.

जनगणनेचं काम दोन टप्प्यांत होतं. आधी घरयादी, ती आपल्याकडं मे-जून २०१० मध्ये झाली. मग माणसांची गणना, ९ ते २८ फेब्रुवारी २०११. घरयादी माझ्या गटात, म्हणजे मला मोजायला दिलेल्या भागात, दुसऱ्या कुणी केलेली होती, मला नुसता नकाशा आणि यादी मिळाली. त्या यादीत हे घर म्हणजे खाली दुकान, वर वर्कशॉप, राहतं कुटुंब एकही नाही. म्हणजे कागदाप्रमाणं मला तिथं जायची पण गरज नव्हती.

मी थांबले ते चपलांमुळं. सकाळी साडेसातला बोळातनं जात होते, दुकानं सगळी बंद, आणि त्या जिन्याच्या तळाशी चपलांचे जोड. मोजले, तेरा. वर कपडे वाळत घातलेले, खिडकीतनं भात शिजल्याचा वास. दुकान उघडायच्या दोन तास आधी जिथं चपलांचे तेरा जोड आणि भाताचा वास आहे, तिथं माणसं राहत नाहीत असं कसं म्हणायचं.

पहिल्यांदा गेले तेव्हा

११ फेब्रुवारीला दुपारी गेले. जिना चढताना वर बोलणं चाललेलं ऐकू येत होतं, मी दारात उभी राहिले आणि ते बंद झालं. बसक्या पाटांपुढं पोरं बसलेली, कुणाच्या तोंडात फुकणी, कुणाच्या हातात चिमटा, मधे डाग द्यायला लागणाऱ्या सवागीची वाटी. कोण वर बघेना. एकानं फुकणी काढून सांगितलं, "हमारा गाव में गिनती हो गया मॅडम." म्हणलं कधी, तर म्हणे हुआ है. बास.

खाली शेठकडं गेले. शेठ चांगला माणूस, लगेच चहा मागवला. म्हणाले, "बाई, ही पोरं येऊन-जाऊन असतात. आज हाय, उद्या न्हाई. तुम्ही चार लिवा की, कशाला डोक्याला ताप." आणि दुसरं सांगितलं की वर बाहेरच्या माणसाला सोडत नाही, कारण खाली पडलेला कण न् कण सोन्याचा असतो. ते खरंच आहे. कारखान्याची जमीन झाडली की ती धूळ पण फेकत नाहीत, हात धुतलेलं पाणी सुद्धा टाकीत साठवतात, मग झारेकरी नेतो आणि त्यातनं सोनं काढतो. त्यामुळं शेठचं म्हणणं एका बाजूनं पटण्यासारखं होतं. पण चार हा आकडा कुठनं आला हे मला नंतर कळलं. जास्त कामगार दाखवले तर कामगार खात्याचं लफडं मागं लागेल, टॅक्सवाले विचारतील, ही त्यांची भीती. म्हणजे वर पोरांना एक भीती आणि खाली शेठना दुसरी, आणि दोघांनी मिळून ठरवलेलं उत्तर एकच, इथं कोण राहत नाही.

हे नवीन प्रगणकांनी, म्हणजे मोजायला जाणाऱ्यांनी, नीट लक्षात घ्यावं असं मला मनापासनं वाटतं. आपण म्हणतो बाहेरची माणसं माहिती देत नाहीत. बऱ्याचदा त्यांना विचारायच्या आधीच मालक, घरमालक, मुकादम, ठेकेदार त्यांच्या वतीनं उत्तर देऊन मोकळा झालेला असतो. शिरोलीच्या फाउंड्रीत हेच, ऊसतोडीच्या कोपीवर पण हेच.

दुसऱ्यांदा गेले, आणि बिघडवून आले

मी काय केलं, वरच्या साहेबांना सांगितलं. ते १४ तारखेला माझ्याबरोबर आले, आल्या आल्या दारातनंच मोठ्या आवाजात सुरू, माहिती देणं कायद्यानं बंधनकारक आहे, नाही दिली तर दंड होतो. कायद्यात ते आहे, खोटं काहीच नव्हतं. पण त्या माडीवर तो शब्द पडला आणि सगळ्यांचे चेहरे एकदम दगडासारखे झाले. एका पोरानं पेटवलेली ज्योत विझवून टाकली आणि हात मांडीवर ठेवून बसला, जसं काय आता उठवून नेणारच आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर जिन्याखाली चपलांचे जोड दोन.

बाकीचे अकरा जण रातोरात दुसऱ्या कारखान्यात झोपायला गेलेले. ती जागा माझ्या गटात नव्हती. आणि तिथली घरयादी पण अशीच असेल तर तिथं पण कोण विचारणार नाही. म्हणजे आम्ही दोघांनी मिळून अकरा माणसं देशाच्या आकड्यातनं उठवली होती. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मी त्यांच्यातल्या एकाला सुद्धा तुझं नाव काय हे विचारलं नव्हतं, आणि आधी दंड सांगून बसले.

खरी भीती कशाची होती

माझ्या शाळेत तिसरीत एक मुलगी होती, बंगाली घरातली, पण बोलणं असं की डोळे मिटून ऐकलं तर शिवाजी पेठेतली वाटावी. "बाई, लय गरम हुतंय, पंखा लावू काय" असं. तिचे वडील गुजरीत वीस वर्षं काम करत होते, बाहेर खोली घेऊन बायको-मुलीला घेऊन राहायचे. कारागिरांत जुना माणूस म्हणून सगळे त्यांना दादा म्हणायचे, मी पण दादाच म्हणते. १७ तारखेला शाळा सुटल्यावर ते मुलीला न्यायला आले तेव्हा मी त्यांना बाजूला बोलावलं. आधी मनात आलेलं की मुलीलाच माडीवर घेऊन जावं, ती बोलेल, समजावेल. मग म्हणलं नको. आठ वर्षांच्या पोरीनं मोठ्या माणसांना तुमचा धर्म काय, तुम्ही गाव का सोडलं असं विचारायचं आणि त्यांनी तिच्यासमोर सांगायचं, हे बरोबर नाही. सोय आहे म्हणून लेकरांना दुभाषी करू नये, हे माझं मत तेव्हापासनं पक्कं आहे.

दादांना सगळं माहीत होतं, साहेब आले ते पण. त्यांनी मला तीन प्रश्न विचारले, आणि मी तेव्हा मनात म्हणलं की हे मला पहिल्याच दिवशी कळायला पाहिजे होतं. एक, हा कागद पोलीस ठाण्यात जातो का. दोन, इथं नाव लिहिलं तर गावाकडचं रेशन आणि मत जातं का. तीन, शेठला दाखवणार का.

तिसऱ्याचं उत्तर सोपं होतं, नाही दाखवणार, आणि शेठ खाली असतानाच वर विचारणार. पहिल्यासाठी मी पिशवीतनं प्रगणकाची पुस्तिका काढली आणि त्यांच्यासमोर वाचली. जनगणना कायदा १९४८, कलम १५. जनगणनेचे भरलेले फॉर्म तपासायचा हक्क कुणाला नाही, आणि या कायद्याखालचेच गुन्हे सोडले तर कोर्टात दिवाणी किंवा फौजदारी खटल्यात ते पुरावा म्हणून पण चालत नाहीत. आणि माहिती मी फोडली तर शिक्षा मला आहे. दादांनी पुस्तिका हातात घेतली, त्यांना मराठी वाचायला थोडं यायचं, त्या ओळीवर बोट ठेवून दोनदा वाचली. वीस वर्षांत त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं. दंडाचं कलम सांगायला माणसं येतात, पण त्याच कायद्यात तुमच्या बाजूचं पण कलम आहे हे कोण सांगत नाही.

दुसऱ्या प्रश्नाला जास्त वेळ लागला. मत आणि रेशन यांचा जनगणनेशी संबंध नाही हे सांगितलं. मग ते म्हणाले, गेल्या वर्षी घरयादीबरोबर अजून एक फॉर्म भरून घेतला, त्याचं काय. ते बरोबर बोलत होते. २०१० मध्ये घरयादीबरोबरच राष्ट्रीय लोकसंख्या नोंदणीचा पण फॉर्म भरून घेतलेला, तो नागरिकत्व कायदा १९५५ आणि त्याखालच्या २००३ च्या नियमांप्रमाणं. दोन्ही फॉर्म एकाच दिवशी, एकाच माणसानं, एकाच पिशवीतनं काढलेले. मग माणसाला ते एकच वाटणार की. मी स्पष्ट सांगितलं की तो कागद वेगळा, त्याचा कायदा वेगळा, त्याबद्दल मी शब्द देऊ शकत नाही, पण हातातल्या या कागदाबद्दल देते. यात कागदपत्र मागत नाहीत, आधार नाही, रेशनकार्ड नाही, नागरिक आहेस सिद्ध कर असं नाही. तू सांगशील ते मी लिहिणार.

माझा अंदाज आहे की "दुसऱ्या कागदाचं मी सांगू शकत नाही" हे मी कबूल केलं म्हणूनच दादांनी पहिल्यावर विश्वास ठेवला. सगळंच गोड सांगितलं असतं तर ते उठून गेले असते.

आणि यादीची भीती कोल्हापूरला काय नवीन आहे का. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं काही जातीच्या जाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या, त्यांना रोज पोलिसांपुढं हजेरी द्यायला लागायची. आपल्या संस्थानात ती हजेरी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये बंद केली, देशात तो कायदा जायला १९५२ उजाडलं. आज पण त्या समाजातल्या जुन्या माणसांना घरी येऊन कोण नावं लिहायला लागलं की बरं वाटत नाही. तेव्हा कोण घाबरलं तर त्याला अडाणी समजू नये, यादीत नाव येऊन भोगलेल्या माणसांचा तो अनुभव आहे.

रविवारची दुपार

दादांनी सांगितलं, २० तारखेला या, रविवार आहे, दुपारी जेवायच्या वेळेला, आणि एकट्या या. सकाळी नको कारण काम घाईत, रात्री नको कारण रात्री कोण आलं की पोरं दचकतात.

गेले तेव्हा जिन्याखाली चपलांचे जोड परत तेरा होते. ते बघून मला जे वाटलं ते लिहिता येणार नाही.

चपला काढून वर गेले. जाताना पाय पाटीत धुवायचे, साडी झटकायची, हे दादांनी आधीच सांगून ठेवलेलं, मी पण तसंच केलं, कारण त्यांच्या शेठचं सोनं माझ्या पायाला लागून गेलं तर ते त्यांच्या अंगावर यायचं. मधे वर्तमानपत्रं अंथरलेली, भाताचं मोठं पातेलं, माशाचा पातळ झोल, आणि पोरं गोल बसलेली. मला पण ताट वाढलं. जेवले.

बोलणं कशावरनं सुरू झालं तर मॅचवरनं. आदल्या दिवशी, १९ तारखेला, वर्ल्डकपची पहिली मॅच झालेली, भारत विरुद्ध बांगलादेश, ढाक्यात, सेहवागनं १७५ मारलेल्या. ही पोरं छोट्या टीव्हीवर बघत बसलेली, सेहवागच्या प्रत्येक चौक्याला ओरडत होती. मॅच संपल्यावर खाली पान खायला गेली तर बोळातल्या कुणीतरी हसून म्हणलं, "काय रे, तुमची टीम हारली की आज." म्हणणारा गमतीनं म्हणला असेल. पण सांगताना त्या पोराचा घास हातातच राहिला. म्हणाला, "हमारा टीम तो जीता मॅडम."

मातृभाषेच्या रकान्यात सगळे हिंदी लिहा का म्हणत होते ते मला तिथं कळलं. बांगला म्हणलं की ऐकणारा पुढं 'देश' स्वतःच जोडतो. मी त्यांना एवढंच विचारलं की लहानपणी आई झोपवताना कुठल्या भाषेत गाणं म्हणायची. कोण काही बोललं नाही थोडा वेळ. मग एक जण गुणगुणला, हळू, दोन ओळी, आणि बाकीचे खाली बघून हसायला लागले. पुढं कुणी काय लिहायला सांगितलं ते सांगत नाही. पण २०११ चे भाषांचे आकडे सगळ्यांसमोर आहेत, बंगाली ही देशात हिंदीनंतर दोन नंबरची, ९ कोटी ७२ लाख माणसांची मातृभाषा, आणि आपली मराठी तीन नंबरला, ८ कोटी ३० लाख. देशातली दोन नंबरची भाषा बोलणारा माणूस स्वतःच्या देशात ती सांगायला कचरतो, हे मला फार लागलं होतं, अजून लागतं.

फॉर्म भरताना आधी ठरवायला लागतं की कुटुंबं किती. जनगणनेत कुटुंब म्हणजे नात्याची माणसं असं नाही, एका चुलीवर जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब. म्हणून मी विचारलं, भात एकाच पातेल्यातला का. तर नाही, पोटमाळ्यावर झोपणारे चौघं वेगळं शिजवतात, रविवारी तेवढे एकत्र बसतात. म्हणजे कुटुंबं दोन, फॉर्म दोन. तरुण शिक्षकांना सांगते, अशा ठिकाणी किती जण राहता असं विचारलं की माणूस सावध होतो, पण स्वयंपाक कोण करतं, किती जणांचा भात लावता असं विचारलं की खरा आकडा आपोआप येतो आणि कुणाला लपवाछपवी पण करायला लागत नाही.

मग कुटुंबप्रमुखाशी नातं हा रकाना. नियमाप्रमाणं इथं सगळ्यांपुढं असंबंधित व्यक्ती असंच लिहायचं. मी ते मोठ्यानं बोलून लिहायला लागले तर मोठ्या पातेल्याकडचा सगळ्यात वयस्कर माणूस म्हणाला, असं नका लिहू. एका पोराकडं बोट करून म्हणाला, ह्याला मी चौदा वर्षांचा असताना गावाकडनं आणला, ह्याच्या टायफॉइडमध्ये मी ह्याच्या उशाला बसलो, असंबंधित कसा. त्याला सांगायला लागलं की कागदाला एवढंच कळतं. त्यानं मान हलवली, पण पटलं नव्हतं. मला पण पटलं नव्हतं.

धर्माच्या बाबतीत एक सांगते. बोळातल्या लोकांनी मला आधीच सांगून ठेवलेलं की वर सगळे मुसलमान आहेत, तसंच लिहा. ते चूक होतं, एवढंच सांगते. अंदाजानं, नावावरनं, दाढीवरनं काहीच लिहायचं नसतं, माणूस जे सांगेल तेच लिहायचं हा नियम आहे आणि तो फार शहाणा नियम आहे.

गावात मोजलं गेलं का, हा शेवटचा अडसर होता. नियम असा की ९ ते २८ फेब्रुवारी या सगळ्या दिवसांत जो गावाकडच्या घरी नव्हताच, त्याला तिथं धरायचं नाही, तो जिथं आहे तिथंच धरायचा. पण गावाकडं आई-बाप प्रेमापोटी पोराचं नाव सांगून टाकतात, आमचा मुलगा आहे, बाहेर कामाला आहे, लिहा. मग तो दोनदा तरी येतो, किंवा दोन्हीकडचे म्हणतात तिकडं धरला असेल आणि तो कुठंच येत नाही. पोरांनी तिथल्या तिथं फोन लावले. एकाची आई फोनवर रडायलाच लागली, तुझं नाव घरातनं काढायचं म्हणजे काय रे. तिला समजवायला दादांना दहा मिनिटं लागली.

साडेपाचला खाली उतरले. शेठ दुकानात होते, म्हणाले, किती लिवले. म्हणलं, शेठ, ते मी तुम्हाला पण सांगू शकत नाही. त्यांना राग आला असावा, पण वरच्या पोरांनी ते जिन्यातनं ऐकलं. दुसऱ्या दिवशी दादा सांगत आले की दुसऱ्या दोन कारखान्यांतली पोरं विचारतायत, ती बाई आमच्याकडं येईल का. त्यातला एक माझ्या गटात होता, तिथं गेले. दुसरा नव्हता. त्या गटाच्या प्रगणकाला सांगितलं, ऑफिसात पण सांगितलं, तर तुम्ही तुमचा गट बघा असं उत्तर आलं. तिथल्या पोरांचं काय झालं ते मला माहीत नाही, आणि या प्रकरणात जे राहून गेलं ते हेच. एका माडीचं काम नीट झालं म्हणून गुजरीचं झालं असं मी कधी म्हणणार नाही.

ह्या आकड्यानं काय होतं असं कोण विचारलं तर रेशनचंच बघा. २०१३ चा अन्न सुरक्षा कायदा आला, त्यात किती लोकांना धान्य द्यायचं तो आकडा २०११ च्या जनगणनेवरनं ठरला, देशभर ८१ कोटी ३५ लाख, आणि अजून तोच धरून चाललेत. त्या फेब्रुवारीत जो राहिला तो त्या हिशोबात पण आला नाही.

१ मार्च

दादांच्या स्वतःच्या घरी पण मीच गेलेले. त्यांच्या बायकोला दिवस भरत आलेले. ती नाव सांगायला लाजत होती, म्हणलं राहू दे, घरातल्या बाईचं नाव सांगितलंच पाहिजे अशी कायद्यात सक्ती नाही. हे ऐकल्यावर तिनं स्वतःहून सांगितलं.

आता जनगणनेचा एक ठरलेला क्षण असतो, त्या वेळी १ मार्च २०११ ची सुरुवात, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या रात्री बारा वाजता. त्या क्षणाला जिवंत असलेली माणसं तेवढी मोजायची. म्हणून १ ते ५ मार्च परत एकदा सगळी घरं फिरायची, मधल्या दिवसांत कोण गेलं असेल तर कमी करायचं, बाळ जन्मलं असेल तर वाढवायचं. बेघर माणसांची मोजणी पण २८ च्या रात्रीच, ती रात्र मी देवळाच्या बाहेर आणि पापाच्या तिकटीच्या चौकात काढली.

२ मार्चला सकाळी मी दादांच्या घरी जायच्या आधी दादाच शाळेत आले, हातात पेढ्यांचा पुडा. मुलगा झाला. ज्या माणसानं पंधरा दिवसांपूर्वी हा कागद पोलिसात जातो का विचारलेलं तो आता स्वतः येऊन म्हणत होता, बाई, फॉर्म काढा, माझ्या पोराचं नाव लिहा. मी विचारलं कधी झाला. म्हणाले, परवाची रात्र संपून, पहाटे तीन वाजता. म्हणजे १ मार्च, पहाटे तीन. तीन तास उशीर.

मी सांगितलं की लिहिता येत नाही. त्यांना आधी वाटलं मी काही चुकीचं ऐकलं. मग म्हणाले, तीन तासांचं काय एवढं, तुम्ही बारा लिहा. माझ्या हातात पेन होतं. पण त्याच माणसाला मी पुस्तिका उघडून सांगितलेलं की यात जे खरं ते लिहायचं असतं. नाही लिहिलं. म्हणलं, दादा, दहा वर्षांनी, २०२१ मध्ये, ह्याचं नाव पहिलं लिहायला लावू. ते बरं म्हणाले, पेढा दिला, गेले.

२०२१ ची जनगणना कोरोनामुळं झालीच नाही. पुढं पुढं गेली. आता १६ जून २०२५ ला अधिसूचना निघाली, घरयादी २०२६ च्या एप्रिल ते सप्टेंबरमध्ये आणि माणसांची गणना फेब्रुवारी २०२७ मध्ये. म्हणजे १ मार्च २०११ पासून या देशात जन्मलेलं एक पण मूल अजून जनगणनेत नाही. या वेळी जात पण विचारणार, मोबाईलवर काम, स्वतः माहिती भरायची पण सोय. ती सोय चांगलीच आहे, पण माडीवर ज्याला कुणी कुटुंब धरलंच नाही त्याला पोर्टल उघड म्हणून कोण सांगणार, तिथं परत चपला मोजणारा माणूसच लागणार. आणि भीती तेव्हापेक्षा जास्त आहे. २०२५ मध्ये बंगाली बोलणाऱ्या कामगारांना वेगवेगळ्या राज्यांत बांगलादेशी म्हणून धरल्याच्या बातम्या आल्या, मग पश्चिम बंगालमध्ये मतदार यादीची विशेष फेरतपासणी सुरू झाली. नागरिकत्वाची यादी, मतदार यादी, जनगणना, या तिन्हींची आता डोक्यात खिचडी झालीय. ड्युटी लागलेल्या शिक्षकांनी पहिल्या भेटीत फॉर्म काढूच नये असं मला वाटतं, आधी ह्या तीन गोष्टी वेगळ्या करून सांगाव्यात.

मागच्या महिन्यात दादांचा फोन आलेला. मुलगी लग्न होऊन सांगलीला असते, मुलगा दहावीत आहे, कोल्हापुरातच. त्यांनी बातमी वाचलेली. म्हणाले, बाई, आता तरी त्याचा नंबर लागंल न्हवं. म्हणलं लागणार दादा, पण एक आहे, या वेळी पण क्षण तोच आहे, १ मार्च २०२७ ची सुरुवात, रात्रीचे बारा. त्या वेळी त्याला सोळावं पूर्ण व्हायला तीन तास कमी पडतील, वय पंधराच लिहितील. तिकडनं थोडा वेळ आवाज नाही. मग हसले आणि म्हणाले, "पंधरा तर पंधरा बाई, लिवा म्हणजे झालं."